कमरेला सातशे ग्रॅम

२०२४ सालच्या जानेवारीतली गोष्ट. थोरल्या भावाचा मुलगा संध्याकाळी माझ्याकडे आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, “तात्या, मला एक लहान पिस्तूल घ्यायचंय. सदऱ्याखाली कमरेला बसंल, कुणाला दिसणार न्हाई असं. कंचं घ्यावं ते तुमी सांगा.”

खत कोणते टाकावे किंवा विहिरीवर मोटर किती हॉर्सपॉवरची बसवावी, हे विचारावे तितक्या सहज त्याने विचारले. माझ्याकडे येण्याचे कारण उघड होते. मी पलटणीत चोवीस वर्षे नोकरी केली आणि त्यातली नऊ वर्षे कोतात काढली. कोत म्हणजे पलटणीचे शस्त्रागार. सकाळी हत्यारे मोजून द्यायची, संध्याकाळी मोजून घ्यायची, तेल-चिंधी करायची, प्रत्येकाचा नंबर वहीशी ताडून पाहायचा. एक नग कमी भरला तर सगळी पलटण जागची हलत नसे. नऊ वर्षांत माझ्या वहीत एकही नग कमी भरला नाही, ही एक फुशारकी मी अजून मारतो. ती पुढे कशी उतरली तेही सांगणार आहे.

पुतण्याला पिस्तूल का हवे होते ते आधी सांगितले पाहिजे. आमच्या सातारा जिल्ह्यात आल्याचे पीक मोठे. व्यापारी बांधावर येऊन माल बघतो आणि दर गाडीवर ठरतो. आमच्याकडे आल्याची गाडी म्हणजे पाचशे किलो. पैसे कधी खात्यावर येतात, कधी रोख. त्या दिवशी पुतण्याने तालुक्याच्या गावी जाऊन एक लाख चाळीस हजार रुपये रोख घेतले, पिशवी मोटारसायकलच्या टाकीवर पुढ्यात धरली आणि निघाला. दिवस मावळायच्या सुमारास खिंडीअलीकडच्या वळणावर मागून दोघे जण गाडीवर आले. मागच्याने मूठभर मिरचीपूड डोळ्यांवर फेकली. हा गाडीसकट चरात पडला आणि पिशवी गेली. त्या पिशवीत कंदकुजीतून वाचलेले आले होते, सोसायटीचा हप्ता होता आणि थोरल्या मुलीची फी होती. डोळ्यांची आग दोन दिवसांनी थांबली. फिर्याद दिली, तपास लागला नाही.

तेव्हा त्याची मागणी वेडगळ होती असे कोणी म्हणू नये. मीही म्हटले नाही.

पहिल्यांदा त्याला काय घेता येते ते सांगितले. आपल्याकडे हत्यार बाळगायला १९५९ चा शस्त्र कायदा लागतो आणि त्याखाली २०१६ साली केलेले नियम लागतात. अर्जदाराचे वय एकवीस पाहिजे. जिल्ह्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, मोठ्या शहरात पोलीस आयुक्तांकडे. पोलिसांची चौकशी होते, हत्यार कशासाठी हवे ते विचारतात, आणि ते सुरक्षितपणे हाताळायचे शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. परवाना पूर्वी तीन वर्षांचा असे, २०१९ च्या दुरुस्तीपासून तो पाच वर्षांचा झाला. पलटणीत आम्ही जे नऊ मिलीमीटरचे पिस्तूल वापरत होतो ते साध्या नागरिकाला मिळत नाही. ते माप सरकारी फौजांसाठी राखून ठेवलेले आहे. आपल्या वाट्याला येते ते मुख्यतः ०.३२ बोअरचे, म्हणजे बोलीभाषेत बत्तीस बोर. त्याहून बारीक ०.२२ चेही मिळते. ‘निडर’ नावाचे एक ०.२२ चे रिव्हॉल्व्हर तर अवघे पाव किलो भरते.

एक गोष्ट त्याला नवी होती. सदऱ्याखाली झाकून नेणे म्हणजे काहीतरी चोरटेपणा, असे त्याला वाटत होते. तसे नाही. २०१६ च्या नियमांनी उलटेच सांगितले आहे: चारचौघांत लहान हत्यार न्यायचे तर ते अंगाला बांधलेल्या म्यानात, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे. उघडे मिरवायचे नाही, कोणावर रोखून दाखवायचे नाही. वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीत वेगळी शिक्षाच घातली आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आमच्या भागातल्या काही हौशी मंडळींच्या कानावर हे अजून गेलेले दिसत नाही.

चहाच्या टपरीवर त्याला कोणीतरी गावठी कट्टा पंधरा दिवसांत आणून देतो म्हणाले होते. मी त्याला तिथेच थांबवले. विनापरवाना हत्यार सापडले तर कमीत कमी दोन वर्षे आत, हा एक भाग. दुसरा भाग असा की पाण्याच्या पाइपाची नळी केलेली असते. ती समोर फुटेल की हातात, हे करणाऱ्यालाही ठाऊक नसते.

मग आम्ही दोघे शहरात एका परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानी गेलो. तिथे गल्ल्यावर चार नग मांडून ठेवले. वाचकांपैकी बहुतेकांनी ही वस्तू सिनेमातच पाहिली असेल, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

पहिले, कानपूरच्या सरकारी कारखान्याचे जुने बत्तीस बोरचे रिव्हॉल्व्हर. ठेवण जुन्या इंग्रजी वेब्लीची. दुनळी बंदुकीसारखे मधोमध मोडते आणि रिकामी टरफले एकदम वर येतात. सहा गोळ्या, लांबी वीतभराहून थोडी कमी, वजन सुमारे सातशे ग्रॅम. दुसरे ‘निर्भीक’. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत त्या मुलीवर जो अत्याचार झाला, त्यानंतर २०१४ साली स्त्रियांना पर्समध्ये बाळगता यावे म्हणून ते काढले. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असल्याने वजन पाचशे ग्रॅम. त्या वेळी त्याची किंमत एक लाख बावीस हजार तीनशे साठ रुपये होती. ज्या बाईला रात्री एकटीने कामावरून परतावे लागते, तिच्याकडे एवढे पैसे असतील असे कारखान्यातल्या कोणाला कसे वाटले, ते मला समजलेले नाही. तिसरे ‘प्रबल’, २०२३ साली आलेले. याचे चक्र मधोमध न मोडता बाजूला उघडते, म्हणजे भरायला सोपे. नळी ७६ मिलीमीटर, चार बोटे म्हणा. पल्ला पन्नास मीटर असल्याचा कारखान्याचा दावा आहे. गोळी जात असेल. पण चार बोटांच्या नळीने पन्नास मीटरवरचा माणूस टिपणारा हात मी चोवीस वर्षांत थोडाच पाहिला. पलटणीत पिस्तूल पहिल्यांदा हातात घेणारा धट्टाकट्टा जवान दहा पावलांवरचा माणसाएवढा पुठ्ठा चुकवतो. त्याला हसायचे नसते, सगळेच चुकवतात.

चौथे होते बत्तीस बोरचेच पण पिस्तूल. रिव्हॉल्व्हरचे चक्र जाड असते, कमरेला गोळा आल्यासारखे दिसते. पिस्तूल चपटे, अंगाला चिकटून बसते. झाकून न्यायला तेच चांगले. मात्र त्यात मॅगझीन, वरचा सरकता भाग, सुरक्षेचा खटका असा सगळा पसारा आहे आणि तो हाताला रोजच्या सरावाने पाठ पाहिजे. गोळी अडली तर ती काढायची कशी, हे अंधारात जमले पाहिजे. रिव्हॉल्व्हरमध्ये एक गोळी फुसकी निघाली तर घोडा पुन्हा ओढायचा, पुढची येते. आणखी एक सांगून ठेवतो: दोन्हींना बत्तीस बोर म्हणत असले तरी पिस्तुलाचे काडतूस वेगळे आणि रिव्हॉल्व्हरचे वेगळे; एकाचे दुसऱ्यात घालायचे नसते.

पुतण्याने ‘निर्भीक’ उचलले. ते त्याच्या हातात खेळण्यासारखे दिसले. नांगर-फावड्याचा हात तो. तीन बोटांनीच मूठ भरली आणि करंगळी हवेत राहिली. घोड्याच्या कड्यात बोट कसेबसे शिरले. मी त्याला म्हटले, लहान हत्याराची ही पहिली खोड. ते खिशात मावते तेवढेच हातात मावत नाही. दुसरी खोड वजनाची. हत्यार जितके हलके, तितका त्याचा धक्का हाताला जास्त, म्हणून दुसरी गोळी पहिलीहून वर जाते. बाळगायला जे सोपे तेच मारायला अवघड. त्याने ते उचलून सहज भिंतीकडे रोखले. मी नळी खाली दाबली. “रिकामंच हाय की,” तो म्हणाला. कोतात रिकामे असे काही नसते, हे त्याला सांगितले. दुकानदार हसला, त्याला पटले होते.

घरी येताना एस.टी.त त्याने विचारले, “मग कंचं?” मी म्हटले, आठ दिवस थांब.

दुसऱ्या दिवशी मी तराजूची मापे काढली. पाचशेचे आणि दोनशेचे अशी दोन मापे गावातल्या चांभारदादांकडून कातडी पिशवीत शिवून घेतली. ते झाले जुने रिव्हॉल्व्हर. दुसऱ्या पिशवीत एकच पाचशेचे माप, ते ‘निर्भीक’. सातशेची पिशवी पुतण्याच्या कमरेला बांधली, पाचशेची मी बांधली. दुसऱ्याला हुकूम सोडायचा आणि आपण मोकळे हिंडायचे हे पलटणीत चालत नाही. अट एवढीच की सकाळी तोंड धुतल्यापासून रात्री अंथरुणावर पडेपर्यंत पिशवी अंगावर पाहिजे, आणि जिथे म्हणून काढावी लागेल तिथे कॅलेंडरवर रेघ मारायची.

पहिल्याच दिवशी कळले की आपल्या पोशाखात याला जागाच नाही. पायजम्याच्या नाडीला सातशे ग्रॅम पेलत नाहीत, ती खाली ओढली जाते. धोतराचे तर बोलायलाच नको. पुतण्याने पँट चढवली आणि जाड पट्टा बांधला. उजव्या कुल्ह्यावर ठेवले तर म्हैस पिळायला उकिडवे बसताना बरगडीत टोचते. पुढे घेतले तर मांडी घालून जेवायला बसता येत नाही. पाठीवर औषधाचा पंप घेतला की पंपाचा पट्टा नेमका त्यावर बसतो. पाणी पाजताना ते भिजते. खरे हत्यार असते तर दुसऱ्या दिवशी गंज. आमच्याकडच्या पावसाळ्यात तर कमरेचा घामही पुरतो. ट्रॅक्टरवर मात्र त्रास झाला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

शनिवारी मारुतीच्या देवळात गेलो. मापच ते, पण आत नेववेना. पायरीवर काढून ठेवावे तर खरे हत्यार असे ठेवता आले असते का, हा विचार. शेवटी दर्शन पायरीवरूनच घेतले. भजनाला बसलो तेव्हा शेजारच्याचा हात लागला आणि त्याने विचारले, “तात्या, कमरेला काय बांधलंय? हर्निया का काय?” दोन दिवसांत सगळ्या आळीला माझ्या हर्नियाची बातमी. ज्या गावात माणसाने नवी चप्पल घेतली तरी चार जण विचारतात, तिथे काही झाकून ठेवायचे म्हणजे काय हे तेव्हा कळले. कमरेला काय आहे हे पंधरा दिवसांत सगळ्यांना ठाऊक होणार, आणि मग ते ज्याला हवे असेल त्यालाही. चोराच्या दृष्टीने ती पिशवीतल्या पैशांहून मोलाची वस्तू. डोळ्यांत मिरची गेलेल्या माणसाच्या कमरेचे हत्यार काढून घ्यायला किती वेळ लागतो?

पाचव्या दिवशी सकाळी मी अंघोळीला गेलो. पिशवी सोडून न्हाणीच्या कट्ट्यावर ठेवली. अंघोळ झाली, कपडे घातले, देवपूजा केली आणि ओट्यावर पेपर वाचत बसलो. पुतण्याचे घर आमच्या भिंतीला भिंत लावून. त्याची धाकटी, चार वर्षांची, दिवसभर आमच्याकडेच असते. थोड्या वेळाने ती दोन्ही हातांनी पिशवी ओढत ओट्यावर आली. पिशवीचे तोंड तिने सोडलेले होते. “तात्या, तुमचं जड विसरलं,” म्हणाली आणि माप माझ्या मांडीवर ठेवले.

आमची मंडळी चहा घेऊन आली होती. ती काहीच बोलली नाही. चहा ठेवून आत गेली.

नऊ वर्षे कोतात एक नग हरवला नाही, तो मी काही विशेष सावध माणूस होतो म्हणून नव्हे. तिथे लोखंडी दार होते, दोन कुलपे होती, पहारा होता, वही होती, आणि लहान मूल एकही नव्हते. घरी यातले पहिले चार नव्हते. माझी परवान्याची बारा बोअरची दुनळी घरात आहे, पण ती कपाटात कुलूपबंद असते, काडतुसे दुसऱ्या कपाटात. तिला वर्षातून दोनदा तेल लागते, आणि निवडणूक लागली की नोटीस येते. मग ती ठाण्यात जमा करायची, पावती जपायची, निकालानंतर परत आणायची. तिला कोणी कट्ट्यावर विसरत नाही, कारण ती अंगावर नसते. अंगावर वागवायची वस्तू दिवसातून दहा वेळा अंगावरून उतरते. पुतण्याच्या कॅलेंडरवर त्या आठवड्यात एकोणचाळीस रेघा निघाल्या.

तरी तो हट्ट सोडीना. म्हणाला, “मी विसरणार न्हाई. माझा हात पोळलाय.” मग मी लिंबाच्या लाकडाचे त्याच मापाचे रिव्हॉल्व्हर कोरले, त्याच्या म्यानात घातले, आणि संध्याकाळी खिंडीकडच्या पांदीत माझ्या दोन कॉलेजातल्या नातवांना मोटारसायकलवर बसवून चोर केले. हा पुढे गाडीवर, टाकीवर पिशवी, अंगात स्वेटर. नातवांनी मागून यायचे आणि मिरचीऐवजी गव्हाचा कोंडा फेकायचा.

पाच वेळा केले. पहिल्यांदा स्वेटरमध्ये मूठ अडकली. दुसऱ्यांदा उजवा हात हँडलवरून निघाला तशी गाडी झोकांडली आणि हा पिशवी सावरत बसला. तिसऱ्यांदा कोंडा डोळ्यांत गेला. डोळे मिटून लाकूड काढले खरे, पण तोंड स्वतःच्या गुडघ्याकडे. चौथ्यांदा जमले. मात्र चौथ्यांदा पोरे कुठल्या झाडाशी गाठणार हे त्याला समजले होते. पाचव्या वेळी अंधार पडला होता. तो चरात पडला, उठला, लाकूड बाहेर काढले आणि समोर थांबलेल्या गाडीच्या उजेडावर दोन्ही हातांनी रोखले. ती गाडी नातवांची नव्हती. आमच्या वस्तीवरचा दूध घालणारा गडी पुतण्याला पडलेला पाहून उचलायला थांबला होता. लाकूड आहे हे कळल्यावर तो हसला, म्हणाला, “काय नाटक बसवताय का काय जत्रंला?” नातूही हसले. पुतण्या हसला नाही. तो लाकूड हातात धरून उभा राहिला, त्या गड्याकडे बघत.

कायद्याने आपल्या जिवाच्या आणि मालाच्या बचावाचा हक्क दिलेला आहे. पूर्वी तो दंडसंहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची मुभा त्यात नाही, आणि किती लागत होती याचा हिशेब पुढे कोर्टात, शांतपणे, दिवसाउजेडी होतो. पांदीत अंधारात तो अर्ध्या क्षणात करायचा असतो.

इथपर्यंत मी जे केले ते सारे हत्याराचे मोजमाप होते आणि मी त्यावर खूश होतो. माझ्या मनात होते की आणखी एखादा आठवडा गेला की तो आपण होऊन म्हणेल, राहू दे. खरी गोष्ट मला सुचलीच नव्हती. ती सूनबाईने सांगितली.

दुपारी पुतण्या रानात होता तेव्हा ती आमच्या स्वयंपाकघरात आली. डोक्यावरचा पदर सारखा करत दाराशी उभी राहिली. म्हणाली, “तात्या, तुमी म्हणाल ते ते ऐकत्यात. ती वस्तू घरात आणू दिऊ नगा.” मी म्हटले, पोरीची काळजी वाटते का? तिने मान हलवली. “पोरीला मी सांभाळीन. चोराचंबी मला भ्या न्हाई. ते रात्री उठून बसत्यात, तात्या. दोन-दोन तास. परवा म्हणाले, माझ्यापायी घर बुडालं, मी असून काय उपेग.” एवढे बोलून ती चुलीकडे वळली आणि आमच्या मंडळीच्या हातातली पोळी घेऊन लाटू लागली.

पलटणीत घरून वाईट पत्र आलेल्या जवानाची बातमी कोताला आधी मिळे. सुभेदारसाहेब संध्याकाळी दाराशी येऊन हळूच सांगत, अमक्याला आज लंगरवर टाकला आहे. म्हणजे त्याला आज हत्यार द्यायचे नाही. कोणी कारण विचारत नसे, त्यालाही कळू देत नसत. तो रात्रभर लंगरमध्ये चार जणांच्या संगतीत बटाटे सोली. दोन-चार दिवसांनी तो परत पहाऱ्यावर येई. हे मी नऊ वर्षे केले. आणि माझ्या सख्ख्या पुतण्याची करंगळी मुठीत मावते की नाही हे मी पाहत बसलो होतो.

सूनबाई आली होती हे मी त्याला अजून सांगितलेले नाही. त्या रात्री बॅटरी आणि घोंगडे घेऊन त्याच्या ओट्यावर झोपायला गेलो. आमच्याकडे ढेकूण झालेत, असे कारण सांगितले. आमच्या मंडळीला हे कारण आवडले नाही. रात्री दोनच्या सुमारास तो बाहेर आला आणि मला जागा पाहून शेजारी बसला. पहिल्या रात्री आल्याच्या दरावर बोललो, दुसऱ्या रात्री त्याच्या वडिलांवर. पाचव्या-सहाव्या रात्री तो पैशांवर बोलला. मग एक दिवस मी त्याला सोसायटीच्या सचिवांकडे नेऊन हप्त्याचे बोलून घेतले, आणि येता येता ग्रामीण रुग्णालयात नेले. डॉक्टरीणबाई अर्धा तास बोलत बसल्या. त्यांनी १४४१६ हा सरकारी फोन नंबरही लिहून दिला. मनाला फार त्रास झाला तर कोणत्याही वेळी, पैसे न पडता त्यावर बोलता येते, आपल्या भाषेत. कागद सूनबाईने फळीवर चिकटवला आहे, डाळीच्या डब्यांशेजारी, म्हणजे कोणाला पाहुण्यांसमोर संकोच नको.

परवान्याच्या अर्जाचा कागद माझ्या ट्रंकेत आहे. त्याने मागितला नाही, मी दिला नाही. कोणाला वाटेल तात्या हत्याराच्या विरुद्ध आहेत. नाही. ज्याच्या जिवावर खरोखर कोणी उठले आहे, ज्याला रोजचा सराव ठेवता येतो, ज्याच्या घरात कुलपाचे कपाट आहे आणि मन ठिकाणावर आहे, अशा माणसाने मत विचारलेच तर मी त्याला ते जुने सातशे ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर सांगेन, ‘निर्भीक’ नाही. हाताला वजन असलेले बरे. आणि आधी आठ दिवस मापे बांधून हिंड, म्हणेन. चांभारदादांनी शिवलेल्या दोन्ही पिशव्या आहेत माझ्याकडे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुतण्याने आल्याच्या आणखी दोन गाड्या दिल्या. व्यापाऱ्याला आधीच सांगितले होते, रोख नको, दोन दिवस उशीर झाला तरी खात्यावर टाका. पैसे आल्याचा मेसेज दाखवायला तो संध्याकाळी आला. पायरीवर बसला, चहा घेतला, धाकटीला मांडीवर घेऊन फोनवरचे आकडे तिला मोजायला लावले. शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. उठताना म्हणाला, “तात्या, आज बाराला मोटर चालू करायचीय. खालच्या अंगाला परवा बिबट्याचा माग दिसला म्हंत्यात. येता का सोबतीला? तुमची दुनळी घ्या.”

दुनळी निवडणुकीमुळे ठाण्यात जमा होती. मी बॅटरी घेतली, काठी घेतली आणि चपला घातल्या.